'विषय हार्ड'च्या खाली काय लिहायचं? ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्यांसाठी चॅटची भाषा

सोसायटीच्या ग्रुपवर निरोप पडतो, 'बी विंगची लिफ्ट आजही बंद. चौदा मजले जिन्याने चढलो.' खाली कोणी लिहितं, 'विषय हार्ड'. दुसरा नुसती कवटी टाकतो. कॉलेजातला एक पोरगा म्हणतो, 'काका, ऑरा प्लस थाउजंड'. आणि नुकतेच साताऱ्याहून घोडबंदर रोडला मुलाकडे राहायला आलेले एखादे काका फोन हातात धरून विचार करत बसतात, की त्या चढलेल्या माणसाला झालं तरी काय, आणि ही मंडळी त्याला हसतायत की त्याची कीव करतायत?

हा लेख त्या काकांसाठी. ऐरोलीच्या आयटी पार्कात पहिली नोकरी लागून घणसोलीत तिघींसोबत खोली घेतलेल्या मुलीसाठीही, आणि आठवीतल्या मुलाचं बोलणं निम्मंच कळणाऱ्या आईसाठीही. ही भाषा कळायला हवी, बोलायलाच हवी असं मुळीच नाही. गोंधळ होतात ते बहुतेक बोलण्याची घाई करणाऱ्यांचे.

पायरी १ : ग्रुप कोणता ते आधी बघा

एकच शब्द शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर लाडाचा असतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर भांडणाचा. ग्रुपच्या नावावर टिचकी मारा. वर्णन वाचा, सदस्य किती आणि अ‍ॅडमिन कोण ते बघा. ठाण्यातल्या मोठ्या संकुलांत बहुधा दोन ग्रुप असतात, एक फक्त सूचनांचा आणि एक गप्पांचा. सूचनांच्या ग्रुपवर पाणीकपातीच्या निरोपाखाली मीम टाकणारा माणूस सेक्रेटरीच्या कायमचा लक्षात राहतो.

नवी मुंबईत आणखी एक गोष्ट. वाशी, नेरूळ, सीवूड्सच्या इमारतींत मल्याळी, तमीळ, गुजराती, पंजाबी कुटुंबं शेजारीशेजारी राहतात. तिथे ग्रुपची भाषा हिंदी-इंग्रजीची खिचडी असते. कोल्हापुरी विनोद तिथे टाकलात तर चार अंगठे येतील, हसणारं कोणी नसेल.

पायरी २ : आठवडाभर नुसतं वाचा

वाचताना एकच सवय लावून घ्या. मीम कशाला उत्तर म्हणून आलंय ते शोधा. उत्तराच्या डोक्यावर लहान चौकटीत मूळ निरोप दिसतो, त्यावर टिचकी मारली की फोन थेट तिथे नेतो. मूळ निरोप न बघता मीम समजून घेणं म्हणजे नाटकाच्या तिसऱ्या अंकाला गडकरी रंगायतनमध्ये शिरण्यासारखं आहे.

'मीम' हा शब्द इंटरनेटच्या आधीचा आहे. १९७६ मध्ये जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी तो घडवला, माणसामाणसांतून नकला होत पसरणाऱ्या कल्पनांसाठी. आज आपण ज्याला मीम म्हणतो त्यातही मुद्दा तोच आहे. एक ओळ किंवा एक चित्र, आणि प्रत्येकाने आपल्या प्रसंगाला लावून केलेली त्याची नक्कल.

पायरी ३ : तुटक अक्षरं उलगडा

तरुण मंडळी मराठी लिहितात, पण बरेचदा रोमन अक्षरांत, तेही स्वर गाळून. 'काय करतोयस' मधलं 'काय' केवळ के आणि वाय एवढंच उरतं. उपाय एकच, मोठ्याने वाचा. डोळ्यांना न कळलेलं कानांना कळतं.

आद्याक्षरं पाठ करायची गरज नाही, नेहमीची दहा-बारा पुरतात. जीएम आणि जीएन म्हणजे सकाळ-रात्रीचे नमस्कार. एचबीडी म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छा, तीन अक्षरांत उरकलेल्या. टीसी म्हणजे काळजी घे, जरी ठाणे स्टेशनावरून रोज ये-जा करणाऱ्याचा हात ते वाचून आधी पासाकडे जात असला तरी. बीआरबी म्हणजे आलोच, आयडीके म्हणजे माहीत नाही, टीबीएच म्हणजे खरं सांगायचं तर. ऑफिसातली वेगळी. ईओडी म्हणजे आज दिवस संपेपर्यंत, डब्ल्यूएफएच म्हणजे घरून काम, ओओओ म्हणजे साहेब सुट्टीवर. ऑफिसातली लगेच शिका, तिथे न कळल्याचं सोंग फार दिवस चालत नाही.

'लोल'ची मात्र गंमत ऐका. हा हसण्याचा शब्द, ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात २०११ मध्ये गेला. पण ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन तो 'खूप प्रेम' अशा अर्थाने निरोपाच्या शेवटी लिहायचे, हे २०१२ मध्ये तिथल्या वृत्तपत्रांच्या वागणुकीवरच्या लेव्हसन चौकशीत एका माजी संपादिकेच्या साक्षीतून जगाला कळलं. पंतप्रधानांचं हसं झालं ते एकवेळ ठीक. कोणाच्या आजीच्या निधनाच्या निरोपाखाली प्रेमापोटी 'लोल' लिहिलंत तर ते घर तुम्हाला वर्षश्राद्धालाही बोलावणार नाही. तसंच 'आरआयपी'चं. पोरं तो फोन पडून फुटला तरी लिहितात. खरोखर कोणी गेलं असेल तर 'भावपूर्ण श्रद्धांजली' हे दोन शब्द पूर्ण लिहा. तेवढा वेळ असतो.

पायरी ४ : चेहरे, अंगठे आणि पूर्णविराम

पिढ्यांची खरी चुकामूक इथे होते, शब्दांत नव्हे.

आनंदाश्रू गाळत हसणारा पिवळा चेहरा २०१५ मध्ये ऑक्सफर्डने वर्षाचा शब्द म्हणून निवडला होता. तोच आज कॉलेजातल्या मुलांना काका-मामांचा वाटतो. ती हसण्यासाठी कवटी टाकतात, म्हणजे 'हसून मेलो', नाहीतर धाय मोकलून रडणारा चेहरा टाकतात, तोही हसूनच. तेव्हा लिफ्टच्या निरोपाखालची कवटी अभद्र नव्हती. पण तुम्ही साठीचे असाल तर ती वापरू नका. तुमच्या वयाच्या ग्रुपवर कोणीतरी ती खरी समजेल आणि फोन करेल.

अंगठा वडीलधाऱ्यांसाठी 'ठीक, कळलं' असतो. विशीतल्या मुलीला तोच अंगठा 'बरं, पुरे आता' वाटू शकतो. मंद हसणारा साधा चेहरा तर अनेकांना टोमणा वाटतो. जोडलेले हात मात्र आपल्याकडे सगळीकडे चालतात. नमस्कार, आभार, विनंती, क्षमा, श्रद्धांजली, सगळं त्यात भागतं. काही सुचलं नाही तर तेच टाका.

पूर्णविरामाचंही असंच. आपण शाळेत वाक्य संपवायला शिकलो. चॅटमध्ये 'ठीक आहे' साधं असतं आणि 'ठीक आहे.' म्हणजे कोणीतरी दार आपटलंय. तीन टिंबांची सवय असलेल्यांनी तर जपून राहावं. 'घरी ये मग बोलू...' हे आईने सहज लिहिलेलं असतं आणि तुर्भ्यापासून ठाण्यापर्यंत लोकलमध्ये मुलाच्या पोटात गोळा असतो. मला यात चूक मुलांचीही वाटते, पण घाबरणारे ते आहेत, त्यामुळे टिंबं आपण कमी करावीत.

पायरी ५ : आपली मराठी वाक्यं, आणि ती कुठून आली

ठाणे आणि नवी मुंबई ही आलेल्या माणसांची शहरं. इथली ऑनलाइन मराठीही त्या माणसांच्या गावांची आहे, आणि ती ओळखता आली की अर्धं काम झालं.

'नाद खुळा', 'विषय हार्ड', 'जाळ अन् धूर संगटच' ही कोल्हापूर-सांगली-सातारा पट्ट्यातली ऐट. वाशीच्या बाजारपेठेत माथाडी म्हणून आलेली पश्चिम महाराष्ट्रातली माणसं कोपरखैरण्यात स्थिरावली, त्यामुळे तिथल्या पोरांना ही भाषा रीलमधून शिकावी लागली नाही, घरातच मिळाली. 'विषय हार्ड' म्हणजे कौतुक, हा माणूस हलक्यात घ्यायचा नाही. लिफ्टच्या निरोपाखाली त्याला तिरकी धार होती, कौतुक चौदा मजले चढणाऱ्याचं आणि टोला सोसायटीच्या कमिटीला. 'जाळ अन् धूर' जरा जोरकस कामगिरीला लावतात, बॅटिंगपासून तांबड्या रश्श्यापर्यंत. 'वाढीव' आपण आजवर बिलाबद्दलच ऐकला होता. आता नवा शर्ट घातलेल्या मित्राला 'वाढीव दिसतोयस' म्हटलं की तो खूश होतो.

हाकांकडे विशेष लक्ष द्या. 'भावा' लिहिणारा बहुधा घाटावरचा, 'भाऊ' विदर्भ-खानदेशाकडचा, 'भाई' मुंबईत वाढलेला, आणि 'दादूस' म्हणजे इथला मूळचा, आगरी-कोळी. ठाण्याच्या खाडीकाठापासून उरण-पनवेलपर्यंतची ही बोली रील्समुळे आता साऱ्या महाराष्ट्राला ऐकू येते. तिच्यातल्या 'बाय'ला निरोप समजू नका, ती मुलीला किंवा बहिणीला लाडाने मारलेली हाक आहे. 'जल्ला' आला की समोरचा वैतागलाय, पण प्रेमाने. 'शेठ' दोन्ही अंगांनी चालतो, मानानेही आणि खेचायलाही. बोली आपली नसेल तर तिची नक्कल करू नका. 'दादूस' म्हणणं ठीक, पण आगरी हेल काढून वाक्यंच्या वाक्यं लिहायला लागलात तर मूळच्या माणसाला ती चेष्टा वाटते, आणि त्याचं बरोबर असतं.

२०२४ मध्ये बिग बॉस मराठीचं पाचवं पर्व सूरज चव्हाणने जिंकलं आणि 'गुलिगत', 'झापुक झुपूक', 'बुक्कीत टेंगूळ' घराघरांत गेलं. 'झापुक झुपूक'चा अर्थ विचारू नका, तो नाचायचा शब्द आहे.

जुन्या सिनेमांचे संवाद हा आणखी एक साठा. १९८८च्या 'अशी ही बनवाबनवी'मधलं 'धनंजय माने इथेच राहतात का?' हे वाक्य तीन पिढ्यांना एकाच वेळी कळतं, म्हणून मिश्र ग्रुपवर ते सगळ्यात सुरक्षित. कोणी चुकून दुसऱ्याच ग्रुपचा निरोप टाकला, की त्याखाली हे यायलाच हवं.

पायरी ६ : पुढाऱ्यांची वाक्यं, हातमोजे घालून

महाराष्ट्रातली निम्मी मीम सभांतून आणि फोनवरच्या संभाषणांतून आली आहेत. राज ठाकरे यांचं 'लाव रे तो व्हिडिओ' २०१९च्या लोकसभा प्रचारातलं. आता पार्किंगमध्ये कोणाच्या गाडीला पोचा पडला आणि सीसीटीव्हीची मागणी आली, की तेच वाक्य येतं. देवेंद्र फडणवीस यांचं 'मी पुन्हा येईन' त्याच वर्षीचं, आज ते डाएट सोडणारे आणि जिमची फी पुन्हा भरणारे वापरतात. 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' हे सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी २०२२च्या जूनमध्ये गुवाहाटीहून फोनवर काढलेले उद्गार. पावसाळ्यात येऊरचे फोटो पडले की त्यांच्याखाली ते हमखास सापडतात.

ही तीन वाक्यं आता बरीचशी निरुपद्रवी झाली आहेत. 'पन्नास खोके, एकदम ओके'चं तसं नाही. २०२२च्या ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी दिलेली ती घोषणा आहे, आणि ठाणे हे एकनाथ शिंदे यांचं शहर. एका मजल्यावर दोन्ही बाजूंचे लोक राहतात. इथे 'खोके' हा शब्द दूधवाल्याच्या हिशेबातही विनोद म्हणून लिहिलात तर संध्याकाळपर्यंत दोघं ग्रुप सोडतात.

गंमत म्हणून लिहिलेल्याची किंमत याच पट्ट्याने पाहिली आहे. २०१२च्या नोव्हेंबरमध्ये पालघरला, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं, मुंबई बंद असण्यावर फेसबुकवर मत मांडणारी एक मुलगी आणि ते 'लाइक' करणारी दुसरी, दोघींना अटक झाली होती. त्या प्रकरणानंतर न्यायालयात गेलेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अला सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. कलम गेलं, पण बदनामीचे आणि भावना दुखावल्याचे इतर कायदे आहेतच. शेजाऱ्याचा फोटो काढून त्यावर ओळ चिकटवणं तर कायद्याशिवायही वाईटच.

पायरी ७ : मुलांचे शब्द

यातले बरेच अमेरिकेतून, तिथल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतून किंवा गेम खेळणाऱ्यांकडून आले आहेत. 'नो कॅप' म्हणजे खोटं नाही सांगत. 'सस' म्हणजे दाल में कुछ काला. 'मिड' म्हणजे ठीकठाक, पण म्हणायच्या सुरात टाकाऊ. 'कूक्ड' म्हणजे वाट लागली, भूगोलाच्या पेपरानंतर ऐकू येतो. 'डेलुलु' म्हणजे स्वतःच्याच भ्रमात, हा शब्द २०२५ मध्ये केंब्रिजच्या कोशातही गेला. 'ऑरा' म्हणजे रुबाब, त्याचे गुण मिळतात आणि कापलेही जातात. सगळ्यांसमोर शिडीवरून घसरलात तर मायनस. 'रिझ' म्हणजे समोरच्याला भुरळ घालण्याची हातोटी, ऑक्सफर्डचा २०२३चा वर्षाचा शब्द. २०२४चा होता 'ब्रेन रॉट', फालतू व्हिडिओ बघून डोक्याचा होणारा चिखल. आणि डिक्शनरी डॉट कॉमने २०२५ साठी निवडलेल्या 'सिक्स सेवन'ला ठरावीक अर्थच नाही. मुलगा दोन्ही हात वर-खाली करत ते ओरडला तर उत्तर देऊ नका, सरळ दुर्लक्ष करा.

आईला 'ब्रो' म्हणणं हा उद्धटपणा नसतो, तो आता 'अगं'च्या जागी आलाय. पटत नसेल तर तसं सांगा, पण त्यावरून जेवणाचं ताट थंड करू नका. आणि एखादा शब्द घरातून कायमचा हद्दपार करायचा असेल तर तो स्वतः वापरायला लागा. आईने पोळ्या लाटताना दोनदा 'स्ले', म्हणजे 'एकदम भारी', म्हटलं की मुलगी तो शब्द सोडते.

दोन जागी मात्र हसण्यावारी नेऊ नका. एमसी, बीसी, डब्ल्यूटीएफ ही आद्याक्षरं म्हणजे शिव्याच आहेत, कपडे बदललेल्या. त्यांचं विस्तृत रूप तुम्ही जिथे म्हणणार नाही तिथे ही अक्षरंही लिहू नका. दुसरं, 'केएमएस' आणि 'अनअलाइव्ह'. पहिलं जीव देण्याबद्दल, दुसरं मरण किंवा आत्महत्या हे शब्द टाळण्यासाठी. बहुतेक वेळा मुलं ते अभ्यासाच्या कंटाळ्यावर लिहितात. तरी वारंवार दिसलं तर आरडाओरडा न करता सरळ विचारा, 'खरंच जड जातंय का?' सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ वर आहे.

पायरी ८ : अडलं तर

आधी ज्याने लिहिलं त्यालाच, ग्रुपवर नव्हे, खासगीत विचारा. 'याचा अर्थ काय रे?' एवढंच. बहुतेकांना समजावून सांगायला आवडतं. विचारायचं नसेल तर तो शब्द आणि पुढे 'मीम' असं गूगलवर टाका. चित्र असेल तर गूगल लेन्सला दाखवा. २००८ पासून चालणारी 'नो युवर मीम' ही साइट एखादं मीम कुठून आलं ते नीट सांगते. 'अर्बन डिक्शनरी'वर कोणीही काहीही लिहू शकतं, आणि लिहितात, त्यामुळे तिथला अर्थ वाचून लगेच मुलाच्या कानाखाली वाजवू नका.

पायरी ९ : वापरायचंच असेल तर

जवळच्या एकाच माणसावर, एकच वाक्य, एकदा. 'भारी' आणि 'कडक' यांना वय नाही, तिथून सुरुवात करा.

शब्द जिवंत आहे का ते बघा. २०२०चं 'बिनोद', २०२३चं 'मोये मोये' तेव्हा प्रत्येक फोनवर होतं. आज ते टाकलंत तर कोणी हसत नाही, फक्त तुमचं वय मोजलं जातं. माझी कसोटी सोपी आहे. एखादं वाक्य तीन हात नाक्यावरच्या वाढदिवसाच्या बॅनरवर किंवा बँकेच्या जाहिरातीत दिसलं, की ते संपलं. संवाद जुने झाले की पुन्हा गोड लागतात, पण त्याला दोन-चार दशकं जावी लागतात.

आजारपण, पैसे, लग्न मोडणं, घरभाड्याची थकबाकी, यांच्याखाली मीम नाही. तिथे फोन करा.

पायरी १० : चुकीचं गेलं तर

व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप दाबून धरला की तो पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो. सगळ्यांसाठी पुसायला दोन दिवसांहून थोडा अधिक वेळ मिळतो. पुसताना 'फक्त माझ्यासाठी' हा पर्याय चुकून दाबू नका, कारण मग तो तुम्हाला दिसत नाही आणि बाकी सगळ्यांना दिसत राहतो. पुसल्यावरही 'हा निरोप पुसला' अशी खूण उरतेच आणि लोक तर्क लढवतात, म्हणून लगेच खाली साधं लिहा, 'चुकून इथे आला, सॉरी.' स्पष्टीकरणाचे चार परिच्छेद नकोत. तुम्हाला पुसणं जमत नसेल तर अ‍ॅडमिनला फोन लावा, त्याला दुसऱ्याचा निरोपही काढता येतो. तोवर कोणी त्याखाली 'धनंजय माने' टाकलंच असेल, तर एक हसणारा चेहरा द्या, पिवळा, आनंदाश्रूंवाला, आणि फोन बाजूला ठेवा.